वजीरला चारलेल्या गोळ्या

म्हादबा,

चारचौघांत मी तुला दादा म्हणायचो आणि भांडताना म्हादबा. आज भांडायचंच आहे, म्हणून म्हादबा.

परवा तुझा तेरावा झाला. बुंदी चांगली होती. तुझ्याबद्दल सात जण बोलले आणि सातही जण गोड बोलले, त्यामुळे मला जेवण गेलं नाही. सरपंच माइक हातात धरून म्हणाले, "महादूअण्णा मरणाला कधी भ्याले नाहीत." मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. मला हसू आलं आणि ते लपवायला मी उपरणं तोंडावर घेतलं. लोकांना वाटलं मावसभाऊ रडतोय. दोघी-तिघींनी पाठीवर हात फिरवला. मीही खांदे हलवून घेतले थोडे. आलेली संधी सोडायची सवय मला नाही, तुला माहीत आहे.

सरपंचांचं खरंच होतं. मरणाला तू भ्याला नाहीस. तू ज्याला भ्यालास ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. मी सांगणार आहे. मधे तोंड घालायला तू नाहीस, हा तुझ्या जाण्यानं मला झालेला एकुलता एक फायदा.

तू पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात मेंढरं राखणारा, आणि मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा. नऊ वर्षांनी लहान. तू मला "डाक्टर" म्हणायचास आणि त्या एका शब्दात माझी सगळी नोकरी शेणात लोळवायचास. बाजारात एडका घ्यायला गेलो की बाकीचे लोक दात बघायचे, शिंगं बघायचे. तू मागून हात घालायचास आणि डोळे मिटायचास, तबलजी शाई तपासतो तसा. दोन्ही गोट्या सारख्या आहेत का, घट्ट आहेत का, पिशवीत मोकळ्या सरकतात का. मग अगदी खाली, टोकाला जी गाठोडी लागते ती दाबून बघायचास. तिला तू कोठार म्हणायचास. "कोठार भरेल हाय, घ्या." पुढे आमच्या पशुवैद्यांनी मला शिकवलं की वृषणात तयार झालेले शुक्रजंतू त्याच भागात येऊन पिकतात आणि साठून राहतात. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला ज्ञान झाल्याचा आनंद झाला नाही. अंगठा उठवणाऱ्या माणसाला हे आधीच ठाऊक होतं, याचा संताप झाला.

तसाच संताप माठाच्या वेळी. मी तुला ऐटीत विचारलं होतं, "सांग बरं, देवानं एवढी नाजूक वस्तू पोटात सुरक्षित ठेवायची सोडून बाहेर का लोंबवली?" तू तंबाखू मळत म्हणालास, "माठ चुलीपाशी ठिवतेत का वाऱ्याला?" संपलं. बीज तयार व्हायला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो, हे मी पुस्तकात पानभर वाचलं होतं. तू ते तंबाखू मळता मळता उडवून लावलंस. म्हणून तर चैत्र-वैशाखात तू एडका मेंढ्यांत सोडायचा नाहीस. ऊन चढलं की एडका मरगळतो, बीज धरत नाही, हे अख्ख्या तालुक्याला तू शिकवलंस. हे वाक्य नीट ऐकून ठेव, म्हादबा. याच वाक्यानं तुला आज झोडपणार आहे.

आपलं भांडण मात्र त्या एकआंडी एडक्यावरून सुरू झालं. तू त्याला कोकरू असताना खच्ची केलंस, एकच गोटी हाताला लागली, तेवढी काढलीस. वर्षानं बघतो तर पठ्ठ्या मेंढ्यांमागे धावतोय. तू छाती काढून सांगत सुटलास, "माज गोटीत नस्तो, डोक्यात अस्तो. मी लहानपणापून सांगून राह्यलो." मी म्हणालो, दुसरी गोटी पोटात अडकलेली असणार. आमच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि शेंगदाण्याएवढी गोटी बाहेर काढून तुझ्या तळहातावर ठेवली. पोटातल्या उबेनं तिच्यात बीज धरलं नव्हतं, पण तिचं दुसरं काम चालूच होतं. रक्तात रस सोडायचं. शिंगं, मान, आवाज, माज, सगळं त्या रसाचं.

मी नाचायचाच बाकी होतो. तू गोटी उलटीपालटी केलीस आणि म्हणालास, "ही तं नोकर हाय. हिला हुकूम कोण देतं ते सांग, डाक्टर."

संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, पियुषिका. ती रक्तातून निरोप धाडते, मग वृषण काम करतात. रस पुरेसा झाला की तो रक्तातून वर जाऊन सांगतो, बास, आणि वरून निरोप कमी होतो. वरचा खालच्याला हाकतो, खालचा वरच्याला आवरतो.

म्हणजे तू अर्धा बरोबर होतास. हे मी तुला सांगितलं नाही. तीस वर्षं सांगितलं नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाजारात तू "डोक्यात" म्हणायचास, मी "गोटीत" म्हणायचो, लोक भोवती जमायचे आणि मला मजा यायची. एका शब्दानं तुझा विजय झाला असता. तो शब्द मी खिशात घालून फिरलो.

आता तू म्हणशील, कृतघ्न आहेस. आहे. पण ते दुसरंही लिहितो, म्हणजे पुढची शिवी का देतोय ते कळेल.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. आई माझ्या बायकोच्या दंडात गंडे बांधत होती, तिला उपास धरायला लावत होती. तिच्या हातून कुणी ओटी भरून घेईना. मी पशुसंवर्धन खात्याचा माणूस, रोज गाभण जनावरं तपासायला हात लावणारा, घरात गप्प. तू आलास, ओसरीवर बसलास, चहा प्यालास आणि भरल्या घरात माझ्या आईला म्हणालास, "मावशे, कळपात मेंढ्या गाभण ऱ्हाईनात तं आपुन मेंढ्या इकतो का आधी एडका बघतो?"

आईच्या हातातली परात खाली पडली. माझी बायको स्वयंपाकघरात होती. तिचं मुसमुसणं थांबलं ते मला बाहेर ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोहायला नेलंस. मी कपडे उतरवले, तू काठावर बसून बघत होतास, अगदी बाजारात बघायचास तसा. "डाव्या अंगाला शिरा फुगल्यात तुह्या. गांडुळाची पेंडी झाल्यावाणी. रगत तुंबून ऊब लागत असंल तिथं." मी चिडून पाण्यात उडी मारली. तू काठावरून ओरडलास, "बुडून काय व्हतंय? जालन्याला चल!" तू मला मोटारसायकलवर मागे बसवून नेलंस. डॉक्टरांनी बोट लावलं आणि तुझेच शब्द इंग्रजीत म्हणाले. तपासणीत बीज नावापुरतं निघालं. लहानशी शस्त्रक्रिया झाली आणि दीड-दोन वर्षांनी आमची मुलगी झाली. बायकोच्या कपाळावर घरानं चिकटवलेला शब्द तू एका वाक्यानं उपटून काढलास. ती तुझ्या तेराव्याला रडली. खरं रडली, माझ्यासारखं नाही.

तर तुझ्या एका शब्दावर मी परक्या माणसासमोर उघडा झालो. हे मी केलं. आणि तू?

तू दोन वर्षं लपवलंस. मेंढरांमागे चालताना दर बांधाला थांबायला लागलास. धार बारीक झाली, कंबर दुखायला लागली, तर म्हणे उन्हाळी लागली, म्हणे वारं भरलं. मी तुझ्यामागे लागलो तेव्हा कौसावहिनीलाही सोबत घेऊन आपण नवीन जालन्याला गेलो, स्टेशनजवळच्या त्या दवाखान्यात. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा वहिनी उठल्या. तू म्हणालास, "तू बस इथंच. हे बाईमानसाचं काम न्हाई." मी मान डोलावली. वहिनी पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बाकड्यावर बसल्या.

आत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी, लघवीची नळी तिच्यातूनच जाते. तिचं काम बीजाला पोहायला पाणी द्यायचं. वय झालं की ती बऱ्याच जणांची वाढते, पण तुझ्यात कॅन्सरची गाठ होती आणि ती कण्यापर्यंत पोचली होती. "ही गाठ वृषणातून येणाऱ्या रसावर पोसते, काका. चारा बंद केला की आवरते. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण बऱ्याच लोकांना चांगली काही वर्षं मिळतात." चारा बंद करायचे दोन मार्ग. छोट्या ऑपरेशननं वृषण काढायचे. नाहीतर ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे वरून येणारा हुकूमच थांबतो.

तू कागदाकडे बघत म्हणालास, "म्हंजी खच्ची."

"तसं म्हणू नका."

"मंग कसं म्हणू? चाळीस साल झाले, मी त्येच म्हणून राह्यलो."

स्टेशनसमोर चहा प्यायलो. वहिनी ऑटोत बसून होत्या. मी तुला तुझ्याच धंद्यातले दाखले दिले. "मोठेपणी खच्ची केलेल्या एडक्याची शिंगं गळतात का? आवाज बारीक होतो का? कोकराची गोष्ट वेगळी, तू जून एडका आहेस." तू म्हणालास, "शिंगं ऱ्हातेत. मेंढ्या वळून बघत न्हाईत." मी म्हणालो, तूच म्हणायचास ना, माज डोक्यात असतो? मग डोकं कुठं काढतायत?

तू बशी खाली ठेवलीस. "न्हाई डाक्टर. तुहंच खरं व्हतं. माज गोटीतच अस्तो. मी हरलो."

तीस वर्षं वाट बघितली होती मी हे ऐकायला! आणि तू ते तिथं, त्या दिवशी म्हणालास. जगात असा नीच प्रतिस्पर्धी मी पाहिलेला नाही. मी घाईघाईनं तुला पियुषिका सांगितली, वरचा हुकूम, खालचा निरोप, सगळं. म्हणालो, तू अर्धा बरोबर होतास, मला कधीचं माहीत आहे. तू माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंस जणू मी म्हातारी मेंढी तरणी म्हणून विकतोय. "आज काहून सांगून राह्यला? तीस साल कुठं गेल्ता?" तुला वाटलं, तुला फसवायला मी हे आत्ता रचलं. आयुष्यात मी तुला एकदाच खरं सांगितलं आणि तेवढंच तुला खोटं वाटलं. यात चूक कुणाची ते मी जाणतो. पण राग तुझाच येतो.

शेवटी तू अर्धा पाय पुढे टाकलास. ऑपरेशन बिलकुल नाही, इंजेक्शनचं बघू. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शननं सुरुवातीचे काही दिवस रस उलट उसळतो, म्हणून आधी गोळ्या सुरू करू. रोज एक. दोन आठवड्यांनी या. मी ढोल वाजवत घरी गेलो. बायकोला म्हणालो, दगडाला पाझर फोडला.

दोन आठवड्यांनी मोटारसायकल घेऊन तुला न्यायला आलो. तू कपडे केले नव्हतेस. मला हाताला धरून लिंबाच्या सावलीत नेलंस. तिथं तुझा लाडका एडका बसला होता, वजीर. मान खाली, जीभ अर्धी बाहेर.

"बघ," तू म्हणालास.

"काय बघू?"

"रोज एक. गुळात घालून."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी ओरडलो, "म्हादबा, तुझ्या कॅन्सरच्या गोळ्या तू एडक्याला चारल्यास?"

"नवीन चारा आधी एका जनावराला घालून बघतेत का न्हाई? मंग. बघितलं." तू अगदी शांत होतास, पंचनामा करणाऱ्या तलाठ्यासारखा. "ह्यो वजीर हाय डाक्टर. शेजारच्या कळपातली मेंढी वासावरून हुडकणारा. आता म्होरून गेली तं कान सुदिक हलवत न्हाई. तू मला ह्यो बनवून राह्यला."

"ऊन आहे! वैशाख आहे! कोणता एडका वैशाखात उड्या मारतो? अख्ख्या तालुक्याला कुणी शिकवलं हे?"

"ऊन तं दरसाल अस्तंय."

ज्या माणसानं मला माठ आणि वारा शिकवला, त्या माणसाला स्वतःच्या पाळीत सूर्य दिसला नाही. मी तुला काय काय बोललो ते आठवतं मला. तुझ्या बापाचा उद्धार केला, तो माझाही मावसा होता हे विसरून. तू हसलास. डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या लिहून दिल्या असत्या. तू मोटारसायकलवर बसला नाहीस.

आषाढात हवा गार झाली आणि एका सकाळी वजीरनं काट्याचं कुंपण तोडून कळपात जो धुमाकूळ घातला, तो तू खाटेवरून पाहिलास. तुझे पाय तेव्हा जड झाले होते. मी तुझ्या उशाशी बसलो होतो. तुला म्हणालो, बघ. डॉक्टरांना फोन केला होता, ते म्हणत होते अजूनही या, उपयोग होईल. तू वजीरकडे बराच वेळ बघितलंस. मग भिंतीकडे तोंड केलंस. मी वाट बघितली, आता वळशील, आता "चल" म्हणशील. तू वळला नाहीस. चूक कळल्यावरही ती सोडायची नाही, एवढा माज कुठून आला होता तुझ्यात? डोक्यातला की खालचा? हे तरी सांगून जायचंस.

कार्तिकात तू गेलास. आणि मी इथवर जे भांडलो ते सगळं मी परवापर्यंत मनात जुळवून ठेवलं होतं. तेरावा संपला की लिहायचं, तुला दणकून हरवायचं आणि मोकळं व्हायचं. इथंच पत्र संपणार होतं.

पण काल संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. मांडव काढून झाला होता. त्या अंगणात बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादाला झालं काय व्हतं?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"मला कुनी सांगितलंच न्हाई. मुताची गाठ हाय म्हणले. मुताच्या गाठीनं पाय कसे जातेत?"

मी काडी घेतली आणि मातीत चित्र काढलं. वर डोकं, डोक्यात हरभरा, खाली दोन गोट्या, मधे अक्रोड. हरभऱ्यापासून खाली रेघ ओढली, खालून वर ओढली. रस कुठं होतो, गाठ काय खाते, चारा कसा तोडतात. गोळ्यांचंही सांगितलं, वजीरचंही. माझी सगळी कला लावली. वहिनी मन लावून ऐकत होत्या. एवढी चांगली ऐकणारी मला आजवर मिळाली नव्हती.

"मंग त्ये काढलं अस्तं तं?"

"राहिला असता. बहुतेक."

"किती?"

"दोन वर्षं, चार वर्षं. कुणाला जास्तही मिळतात. नक्की कुणी सांगत नाही."

"आन त्ये काहून न्हाई काढलं?"

मी म्हणालो, "त्याला वाटलं... माणूसपण जाईल. तुमच्यासमोर कसं राहायचं."

"माह्यासमोर?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हादबा, त्या हसल्या. पदर तोंडाशी नेला नाही, काही नाही. "अवो, बारा साल झाले, त्यो मेंढरात झोपतो आन मी घरात. कशाला लागत व्हतं त्ये? मला इचारलं अस्तं तं मीच म्हणले अस्ते, काढा, ठिवा तिकडं. मला त्यो बोलायला पायजे व्हता. भांडायला पायजे व्हता."

मग हसू थांबलं. "मी तं बाहीरच बसेल व्हते," त्या म्हणाल्या. "दाराला लागून. तुम्ही दोघंबी आत. त्यो अडाणी. तुम्ही तं शिकेल हायेत भाऊजी, तुम्ही काहून न्हाई मला आत बोलावलं?"

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचतं, लोक त्यासाठीच मला बोलावतात. वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मी मातीत काढलेलं सगळं, डोकं, हरभरा, अक्रोड, गोट्या, तळपायानं पुसून जागा सपाट केली.

"सरका," त्या म्हणाल्या. "मेंढरं येतील आता."